ब्रिटनचं काय बिघडलं, हे पिंपळगावच्या पॅकहाऊसमधून दिसतं

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात आपल्याकडे वाचकांच्या पत्रांमध्ये सिडकोतल्या एका गृहस्थांचं पत्र वाचलं. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडला तेव्हा केवढी ओरड झाली होती, प्रत्यक्षात तिथं कुठं आभाळ कोसळलं, दुकानं चालू आहेत, लोकांना पगार मिळताहेत, मग आपणच करारांना एवढं का चिकटून बसायचं, पटत नाही त्यातून सरळ उठून यावं, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांची देशाबद्दलची तळमळ मला पटली, हिशेब मात्र पटला नाही. मी गेली २१ वर्षं पिंपळगाव बसवंतजवळच्या एका पॅकहाऊसमध्ये निर्यातीच्या द्राक्षांचे कागद करते. ब्रिटनने काय केलं ते मी बातम्यांत वाचलं, पण त्याचा परिणाम काय झाला तो माझ्या टेबलावर येऊन पडला. म्हणून हे पत्र. लांबलं तर काटछाट करावी, पण रॉटरडॅमचा भाग कृपया ठेवावा.

द्राक्षाचं काम म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे बाग येते. गोडी छाटणी, डावणी या बुरशीच्या रोगाची धास्ती, रात्री-अपरात्री चालणारे फवारणीचे ट्रॅक्टर, घडांची विरळणी करणाऱ्या बायका. ते सगळं खरंच आहे. आमचीही निफाड तालुक्यात दोन एकर थॉमसन जातीच्या द्राक्षांची बाग आहे, माझे दीर ती बघतात, आणि या वर्षी मे महिन्यापासून लागलेल्या पावसाने त्यांची झोप उडवली आहे. पण बागेतून निघालेला घड इंग्लंडच्या दुकानात पोचतो तो कागदांवर बसून. अपेडा ही शेतमालाच्या निर्यातीचं काम बघणारी सरकारी संस्था, तिच्या ग्रेपनेट या ऑनलाइन यंत्रणेवर प्रत्येक प्लॉटची नोंद असते. त्या प्लॉटमधला नमुना प्रयोगशाळेत जातो, औषधांचा अंश मर्यादेत आहे असा अहवाल येतो, मगच कात्री लागते. मग पॅकहाऊसला मण्यांचं माप, ५०० ग्रॅमचे पनेट म्हणजे छोटे डबे, दहा पनेटांचा एक बॉक्स, बॉक्सवर लॉट नंबर. त्या नंबरावरून तो घड कोणाच्या बागेतला हे तिकडे बसलेल्या माणसालाही कळतं. एका कंटेनरात साधारण बारा-तेरा टन माल. त्याच्याबरोबर कीड-रोग नसल्याचा दाखला, ज्याला आम्ही नुसतं 'फायटो' म्हणतो, इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, मूळ देशाचा दाखला, शिपिंग बिल, जहाजाची बिल्टी. यांपैकी एकात एक आकडा इकडचा तिकडे झाला की न्हावाशेव्याला गाडी उभी. आणि द्राक्ष कोणासाठी थांबत नाही. शून्य अंशावर ठेवलं तरी देठ रोज थोडा थोडा तपकिरी होत जातो, आणि तिकडचा खरेदीदार पनेट उचलला की मण्याच्या आधी देठ बघतो.

आता रॉटरडॅम. २०१७ च्या फेब्रुवारीत बर्लिनच्या फळांच्या प्रदर्शनाला आम्ही तिघं मालकांबरोबर गेलो होतो, तिथून दोन दिवस रॉटरडॅमला. तिथल्या एका शीतगृहात आमचेच बॉक्स रचलेले होते, आमच्या मुलींनी पिंपळगावात चिकटवलेल्या स्टिकरांसकट. तिथं कागद बघणारी बाई माझ्याच वयाची होती. तिने मला उभं करून दाखवलं की कंटेनर या बंदरात उतरला, इथं एकदा तपासणी झाली, एकदा जकात भरली, की तो माल युरोपच्या बाजारात आला. त्यानंतर तो जर्मनीला जावो, पोलंडला जावो नाहीतर इंग्लंडला. संध्याकाळी चार पॅलेट, म्हणजे फळीवर रचलेल्या बॉक्सांच्या चार थप्प्या, एका ट्रकमध्ये चढले. तो ट्रक हूक फान हॉलंडहून रात्रीच्या बोटीने निघणार आणि सकाळी इंग्लंडात हार्विचला उतरणार होता. ड्रायव्हरच्या हातात वाहतुकीची एक चिठ्ठी होती. मी विचारलं, बाकीचे कागद कुठायत? ती म्हणाली, हेच कागद. मी ती चिठ्ठी उलटून पाहिली. पाठ कोरी होती.

तेव्हा आपल्याकडे जीएसटी यायचा होता. नाशिकहून दिल्लीला निघालेली गाडी राज्याच्या प्रत्येक हद्दीवर तपासणी नाक्यावर ताटकळायची, हे ज्यांनी भोगलं आहे त्यांना त्या कोऱ्या पाठीची किंमत कळेल. अठ्ठावीस देश, आणि आतमध्ये नाका नाही. याचा आमच्या शेतकऱ्याला फायदा काय होता? माल नेमका कुठल्या देशात विकायचा हे पिंपळगावला ठरवावं लागत नसे. इंग्लंडात चिलीचा नाहीतर दक्षिण आफ्रिकेचा माल जास्त आला आणि भाव पडला, तर रॉटरडॅमवरून पॅलेट जर्मनीकडे वळायचे. जर्मनीत थंडी वाढून उठाव कमी झाला तर इंग्लंडकडे. जहाज निघाल्यावरही तीन-चार आठवडे हा दरवाजा उघडा असायचा. नाशवंत मालाला एवढी मोकळीक मिळणं म्हणजे अर्धा विमा उतरवल्यासारखं आहे.

मी गेले तेव्हा इंग्लंडचं सार्वमत होऊन गेलं होतं. २३ जून २०१६ ला मतदान झालं, ५१.९ टक्के लोकांनी बाहेर पडण्याच्या बाजूने मत दिलं आणि ४८.१ टक्क्यांनी राहण्याच्या. पहिला फटका आम्हाला दुसऱ्या दिवशी सकाळीच बसला होता. तुम्ही म्हणाल, जूनमध्ये कुठली द्राक्षं? बरोबर आहे, हंगाम एप्रिलमध्ये संपतो. पण तिकडून पैसे यायला दोन-तीन महिने लागतात, आणि काही बिलं पौंडात होती. शंभर रुपयांच्या आसपास असलेला पौंड एका दिवसात सात-आठ रुपयांनी उतरला आणि ऑक्टोबरपर्यंत ब्याऐंशीच्या घरात आला. २० हजार पौंडांचं एक बिल धरा, आठवडा आधी आलं असतं तर वीस लाख, नंतर आलं तर साडेअठरा. माल विकून झालेला, खाल्ला गेलेला, देठही कचऱ्यात गेलेले, आणि भाव मात्र त्यानंतर कमी झाला. ज्यांची बिलं युरोत होती ते वाचले. दोघांच्या बागा बांधाला बांध लागून होत्या.

तरीसुद्धा तो चलनाचा खेळ होता, असे खेळ आम्ही पाहिले आहेत. खरा बदल २०२१ च्या हंगामात आला. ब्रिटन बाहेर पडला ३१ जानेवारी २०२० ला, पण त्या वर्षाअखेरपर्यंत जुनेच नियम चालू ठेवले होते. नवा करार झाला २४ डिसेंबर २०२० ला, म्हणजे अंमल सुरू व्हायला एक आठवडा उरलेला असताना. टीव्हीवर सांगितलं, करार झाला, जकात शून्य. आमच्याकडेही सगळ्यांनी हुश्श केलं. मीही केलं. ती माझी चूक झाली. ती शून्य जकात होती ब्रिटनमध्ये किंवा युरोपीय संघात तयार झालेल्या मालासाठी. आमचं द्राक्ष रॉटरडॅमला उतरलं, तिथं जकात भरली, तिथं नव्या पेटीत भरलं, तरी ते मूळचं भारताचंच. माल मूळचा कुठला, हा प्रश्न एका बाजारात कोणी विचारत नव्हतं. मध्ये हद्द आली आणि तो प्रश्न पहिला झाला.

त्या फेब्रुवारीत आमचा एक कंटेनर नेहमीसारखा रॉटरडॅमला लागला. वीस पॅलेट होते, त्यांतले सहा इंग्लंडला जायचे होते. सगळा माल तिथं जकात भरून सोडवून घेतला गेला, कारण तशीच सवय होती. मग त्या सहा पॅलेटना इंग्लंडच्या दारात पुन्हा जकात, पुन्हा कस्टमचा अर्ज, आणि अर्ज भरायला एजंट. त्या दिवसांत एजंट मिळत नव्हते, सगळ्या युरोपला एकदमच हवे होते. माल तिथंच न सोडवता सीलबंद अवस्थेत पुढे पाठवण्याची एक पद्धत आहे, त्यात जकात एकदाच लागते, पण ते आधी ठरवावं लागतं, म्हणजे माझ्या टेबलावर ठरवावं लागतं, आणि मला ते कोणी सांगितलं नव्हतं. सहा दिवस ते पॅलेट उभे राहिले. शीतगृहाचं भाडं चढलं. देठ तपकिरी पडले. शेवटी इंग्लंडचा खरेदीदार नको म्हणाला आणि पडेल भावात ते हॉलंडमध्येच गेले.

त्या सहा पॅलेटांतला बराच माल दिंडोरी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचा होता. हिशेबाची पट्टी घेऊन ते माझ्यापुढे येऊन बसले. पट्टीत किलोमागे चौदा रुपये कमी लागले होते. त्यांनी चष्मा काढला, पट्टीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "ताई, माझ्या मालात काय खोट होती ते सांगा. पुढच्या वर्षी सुधारतो." मालात काहीच खोट नव्हती. शुगर अठराच्या वर, मणी एकसारखा, अहवाल स्वच्छ. जे बिघडलं होतं ते त्यांच्या बागेपासून सात हजार किलोमीटरवर बिघडलं होतं, आणि तिथल्या कोणीही हे त्यांना विचारून केलेलं नव्हतं. मी त्यांना मूळ देशाचा नियम समजावून सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतला, आणि जाताना म्हणाले, "म्हणजे घर त्यांनी वाटून घेतलं अन् भिंत माझ्या वावरात आली."

त्यानंतर आमचं कामच दोन झालं. इंग्लंडचा कंटेनर वेगळा, थेट लंडन गेटवे किंवा फेलिक्सस्टो या तिथल्या बंदरांत. युरोपचा वेगळा, रॉटरडॅमला. दोन एजंट, दोन वेळापत्रकं, फायटोवर वेगवेगळे देश. पनेटवरच्या लेबलावर तिथल्या जबाबदार व्यापाऱ्याचा पत्ता लागतो. आधी युरोपातला एकच पत्ता सगळीकडे चालायचा. १ जानेवारी २०२४ पासून ब्रिटनमध्ये ब्रिटनचा पत्ता हवा. म्हणून लेबलांचे रोळही दोन, आणि पॅकिंगच्या हॉलमध्ये मध्यभागी पिवळी पट्टी मारून आम्ही दोन बाजू केल्या आहेत. एका बाजूचा रोळ चुकून दुसऱ्या बाजूला गेला तर पूर्ण लॉट उघडून पुन्हा चिकटवावा लागतो. एका रात्री चार बायकांनी अकरा ते तीन असे पनेट सोलून काढले आहेत, मीही त्यांत होते. मोठ्या निर्यातदाराला हे जड नाही, त्याच्याकडे रोज पाच-सात कंटेनर भरतात, एक इकडे एक तिकडे. लहान पॅकहाऊसला आठवड्यात एकाच मापाचा, एकाच देशाचा पूर्ण कंटेनर भरणं जमत नाही. आमच्या ओळखीतल्या दोघांनी इंग्लंडचा माल बंद केला. ते दिवाळखोर झाले नाहीत, दुकान बंद केलं नाही, त्यामुळे त्यांची बातमीही झाली नाही. २०२३ च्या शेवटी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली, दोन-दोन आठवडे जास्त लागले. पूर्वीसारखं वाटेत ठिकाण बदलता आलं असतं तर त्यातला बराच माल सावरता आला असता.

हे आमचं झालं. त्यांचं स्वतःचं काय झालं, हा त्या पत्रलेखकांचा प्रश्न. आभाळ कोसळलं नाही हे मीही मान्य करते. पण मी द्राक्षवाल्यांमध्ये राहते म्हणून मला एक उदाहरण सुचतं. बागेतली मुख्य पाइपलाइन फुटली तर कारंजं उडतं, लांबून दिसतं, माणूस धावत जातो. ठिबकची नळी उंदराने दहा ठिकाणी कुरतडली तर मोटर चालूच राहते, मीटर फिरतच राहतो, आणि शेवटच्या ओळीतली पानं मलूल झाली की मग कळतं. ब्रिटनचं दुसऱ्या प्रकारचं झालं आहे. सरकारच्याच पैशांवर चालणारी पण स्वतंत्रपणे अंदाज बांधणारी त्यांची ओबीआर नावाची संस्था आहे. तिचा अंदाज असा की संघात राहिले असते त्यापेक्षा त्यांची आयात-निर्यात दीर्घ काळात १५ टक्क्यांनी आणि उत्पादकता ४ टक्क्यांनी कमी राहील. चार टक्के ऐकायला लहान वाटतात. पण ते एका वर्षाचे नाहीत, दरवर्षी तेवढं कमी पिकणार आहे. मधल्या काळात करोना आला, युक्रेनचं युद्ध आलं, वीज-गॅस महागला, त्यामुळे कुठलं नुकसान कशाचं हे वेगळं करणं सोपं नाही. पण हद्दीवरच्या कागदांचं नुकसान दुसऱ्या कशावर ढकलता येत नाही.

त्याच २०२१ च्या जानेवारीत स्कॉटलंडचे मच्छीमार आपले ट्रक घेऊन लंडनला पंतप्रधानांच्या घराजवळ येऊन थांबले होते. खेकडे, कोळंबी पकडून फ्रान्स-स्पेनला पाठवायचे, पूर्वी एका दिवसात पोचायचे. आता प्रत्येक खेपेला आरोग्याचा दाखला, कस्टमचा अर्ज, आणि एका ट्रकमधल्या एका व्यापाऱ्याचा कागद चुकला की सगळा ट्रक अडकला. मजा म्हणून सांगत नाही, मला ती बातमी वाचताना आमचे सहा पॅलेट दिसत होते. यांतल्या बऱ्याच मच्छीमारांनी बाहेर पडण्याच्या बाजूने मत दिलेलं होतं, आपला समुद्र आपल्याला परत मिळेल म्हणून. समुद्र थोडा मिळाला, बाजार लांब गेला. पुढे सप्टेंबरमध्ये ट्रक ड्रायव्हर कमी पडले आणि पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. फळं तोडायला पूर्व युरोपातले मजूर यायचे, तेही कमी झाले. आपल्याकडे पेठ-सुरगाण्याहून येणारी माणसं एका हंगामात आली नाहीत तर दिंडोरी-निफाडच्या बागांचं काय होईल, याची कल्पना करून बघा.

आणखी एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. युरोपातून येणाऱ्या मालावर ब्रिटनला स्वतःच्या तपासण्या सुरू करायच्या होत्या, त्या त्यांनी पाच वेळा पुढे ढकलल्या. कारण उघड होतं, खाण्याचा निम्म्याहून जास्त बाहेरचा माल तिकडूनच येतो, तपासला तर महागणार. शेवटी ३० एप्रिल २०२४ पासून सुरू केल्या आणि डोव्हर बंदरातून येणाऱ्या एका खेपेवर जास्तीत जास्त १४५ पौंड शुल्क लावलं. मोठ्या व्यापाऱ्याला काही नाही. इटलीहून दोन पेट्या चीज मागवणाऱ्या छोट्या दुकानदाराने काय करायचं? आणि आता १९ मे २०२५ ला दोन्ही बाजूंनी पुन्हा बसून ठरवलं आहे की खाद्यपदार्थांचे नियम जुळवून घेऊ आणि या तपासण्या कमी करू. म्हणजे नऊ वर्षं फिरून गाडी पुन्हा त्याच फाट्यावर आली. बदल्यात लांबचे करार मिळाले, ऑस्ट्रेलियाशी, न्यूझीलंडशी. ऑस्ट्रेलियाच्या करारातून त्यांच्याच सरकारच्या अंदाजाने अर्थव्यवस्थेत ०.०८ टक्के भर पडणार. शेजारच्या वाड्यातलं गिऱ्हाईक तोडून परगावच्या गिऱ्हाइकावर दुकान चालत नाही, हे आपल्या मेनरोडवरचा कोणीही दुकानदार सांगेल.

आता आमच्या फायद्याची बाजू लपवणं मला बरोबर वाटत नाही. युरोपीय संघात असताना ब्रिटनला भारताशी स्वतंत्र व्यापार करार करता येत नव्हता. बाहेर पडले म्हणून २४ जुलै २०२५ ला भारत-ब्रिटन करारावर सह्या झाल्या. तो लागू झाला की आपल्या बहुतेक मालावरची जकात शून्य होणार, त्यात द्राक्षं आणि कांदा आहे. आमच्या भागात त्या दिवशी पेढे वाटले गेले, मीही खाल्ला. त्यांच्या बाहेर पडण्यातून आमच्या वाट्याला आलेली ही खरोखरची चांगली गोष्ट आहे. पण एकवीस वर्षांच्या अनुभवाने सांगते, जकात हा खर्चाचा दिसणारा भाग आहे. द्राक्षाला खरा दरवाजा आहे तो औषधांच्या अंशाचा.

२०१० साल ज्यांनी पाहिलं आहे त्यांना सांगायला नको. क्लोरमेक्वाट क्लोराइड हे वेलीची वाढ आवरणारं औषध, ज्याला आपण सीसीसी म्हणतो, त्याचा अंश युरोपात सापडला आणि कंटेनरमागून कंटेनर अडकले. बागायतदार कर्जात बुडाले. माल उत्तम, जकात ठरलेली, जहाज वेळेवर, आणि एका औषधाच्या तपासणीने हंगाम गेला. तेव्हा निदान एक तरी होतं, संपूर्ण युरोपची मर्यादा एकच होती. २०२१ पासून ब्रिटन आपल्या मर्यादा आपण ठरवतो. सुरुवातीला त्यांनी युरोपचीच यादी उचलली, पण आता युरोप आपल्या यादीत बदल करतो आणि ब्रिटन त्याच दिवशी तोच बदल करेल असं नाही. शेतकऱ्याला छाटणीच्या वेळी माहीत नसतं की त्याचा घड फेब्रुवारीत कोणत्या देशात जाणार. म्हणून तो दोन्हींतली कडक मर्यादा धरून फवारतो. या वर्षीसारखा पाऊस लागला, डावणी अंगावर आली, तर हातात एक औषध कमी असणं म्हणजे काय हे माझे दीर तुम्हाला सांगतील.

पत्रलेखकांनी आरसेप या आशिया-पॅसिफिक देशांच्या व्यापार कराराचंही उदाहरण दिलं आहे. ४ नोव्हेंबर २०१९ ला बँकॉकमध्ये भारताने त्या करारात येणार नाही असं सांगितलं, आणि आपलं काही अडलं नाही, असं ते म्हणतात. तो निर्णय योग्य होता की नाही यावर मी बोलत नाही. दूध उत्पादकांची भीती खरी होती, न्यूझीलंडच्या दुधाच्या भुकटीपुढे संगमनेर-सिन्नरच्या गोठ्यांचं काय झालं असतं हा प्रश्न मलाही पडतो. पण उंबऱ्यावरून परत फिरणं वेगळं आणि नांदलेलं घर सोडणं वेगळं. ब्रिटन १ जानेवारी १९७३ ला आत गेला होता. ४७ वर्षांत त्यांचे कारखाने, बंदरं, मजूर, औषधांचे नियम, ड्रायव्हरच्या हातातली ती चिठ्ठी, सगळं एकमेकांत गुंतलं होतं. १९७३ मध्ये आत जातानाही जुन्या गिऱ्हाइकांना फटका बसला होता, न्यूझीलंडच्या लोण्याला वर्षानुवर्षं भांडून जागा टिकवावी लागली. बाहेर पडताना तेच उलट्या दिशेने, आणि सगळ्याच मालाला.

खरं सांगायचं तर आपल्या जिल्ह्याला बाजारातून अचानक उठून जाणं म्हणजे काय हे लंडनकडून शिकायची गरज नाही. ८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यात एका रात्रीत बंद झाली. लासलगावला लिलाव बंद पडले. ज्यांचे ट्रॅक्टर आदल्या दिवशी भरले होते ते तसेच घरी गेले. आखाती देशांतल्या व्यापाऱ्यांना कांदा लागतोच, त्यांनी पाकिस्तान आणि इजिप्तचा घेतला. निर्यात पुढे मे महिन्यात खुली झाली तीही ४० टक्के शुल्कासकट, आणि ते शुल्क पूर्ण जायला १ एप्रिल २०२५ उजाडला. आमच्या शेजारचे कांदा निर्यातदार अजून दुबईच्या एका जुन्या गिऱ्हाइकाला दर आठवड्याला फोन करतात. तो गोड बोलतो, चौकशी करतो आणि ऑर्डर देत नाही.

म्हणून संपादक महाशय, आपल्यामार्फत दोन गोष्टी मागते. भारत-ब्रिटन करार लागू होण्याआधी, द्राक्षासाठी ब्रिटनच्या आणि युरोपच्या औषध-मर्यादांमध्ये आज कुठं कुठं फरक आहे याची एक यादी संबंधित खात्याने मराठीत काढावी आणि ती दुकानदार, सल्लागार आणि बागायतदारांपर्यंत पोचवावी. गोडी छाटण्या सुरू आहेत, फवारण्या आता ठरणार आहेत, जानेवारीत यादी आली तर तिचा उपयोग नाही. आणि शून्य जकात मिळवण्यासाठी मूळ देशाचा दाखला नेमका कसा द्यायचा, कोण देणार, चुकला तर दुरुस्तीला किती दिवस, याचं प्रशिक्षण पिंपळगाव, दिंडोरी, ओझर इथल्या लहान पॅकहाऊसच्या कागद करणाऱ्या माणसांना द्यावं. मुंबईच्या हॉटेलातल्या चर्चासत्राला आम्हाला जाता येत नाही. मालकांना बोलावतात, आणि कागद आम्ही भरतो.

आमचा पहिला कंटेनर, पावसाने साथ दिली तर, जानेवारीच्या मध्यात लागेल. सहा पॅलेटवाले ते काका या वर्षी इंग्लंडचा माल करायला पुन्हा तयार झाले आहेत. त्यांनी मला विचारून ठेवलं आहे, की यंदा कोणता कागद लागेल ते छाटणीच्या आतच सांगा.

आपली विश्वासू,
निर्यात-कागदपत्रं सांभाळणारी एक कर्मचारी,
पिंपळगाव बसवंत, ता. निफाड, जि. नाशिक
ऑक्टोबर २०२५
(नाव छापू नये ही विनंती.)